‘माले घर जावानं शे’

जूनच्या मध्यावर दोंडाईच्यातल्या कुठल्याही अंगणवाडीच्या, बालवाडीच्या किंवा नर्सरीच्या दाराशी थोडा वेळ उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘माले घर जावानं शे.’ म्हणजे, मला घरी जायचंय. कधी ते हिंदीतून येतं, कधी भिलीतून, कधी नुसत्या हुंदक्यांतून. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण असतं, भिंतीवर फुगे असतात, औक्षणाचं ताट तयार असतं, ताई हसून पुढे येतात. आणि ज्याच्यासाठी हा सगळा थाट, तो साडेतीन वर्षांचा पाहुणा आईचा पदर दोन्ही मुठींत धरून उलट्या दिशेला ओढत असतो.

२०२५ मध्ये १५ जूनला रविवार आला, म्हणून विदर्भ सोडून राज्यातल्या शाळा सोमवारी १६ जूनला उघडल्या. शाळा प्रवेशोत्सव हा आता महाराष्ट्रात रुळलेला प्रकार आहे. नव्या मुलांना गुलाबाचं फूल मिळतं, गोड खाऊ मिळतो, काही गावांत सजवलेल्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून मिरवणूक निघते. दुसऱ्या दिवशी स्थानिक पुरवणीत फोटो छापून येतो. पहिलीच्या मुलाला या थाटाची गंमत वाटते. बालवाडीतल्या मुलाला मात्र त्याचं काही पडलेलं नसतं. त्याला एवढंच कळतं, की आई इथे थांबणार नाही.

आणि आईलाही ते कळत असतं. बालवाडीच्या नव्या वर्षात प्रवेश एका मुलाचा होत असला, तरी उंबरठा ओलांडतं ते सगळं घर. नातवाला आजवर कडेवर वागवणारी आजी, फी भरणारा किंवा मजुरी बुडवून आलेला बाप, धाकट्याला मांडीवर घेऊन बसलेली आई, या सगळ्यांचा दिवस त्या सकाळपासून बदलतो. शाळा त्यांना फाटकाशी थांबवते की आत घेते, यावर पुढच्या वर्षाचं बरंच काही अवलंबून असतं.

गावाचं घड्याळ

दोंडाईचा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं मोठं बाजारगाव. सुरत-भुसावळ लोहमार्ग १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून पूर्ण झाला आणि या स्टेशनामुळे इथल्या व्यापाराला वेग आला. मिरचीचा बाजार, मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना, आसपास कापूस, तापीपलीकडे शहादा, जवळच सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. नगरपालिकेच्या हद्दीत व्यापाऱ्यांची, नोकरदारांची घरं आहेत, हातावर पोट असणाऱ्यांच्या वस्त्या आहेत आणि वेशीपलीकडे शेतमजुरांची, भिल्ल समाजाची खेडी आहेत. भाषाही तशाच : अहिराणी सगळ्यात जास्त, जोडीला गुजर घरांतली गुजरी, भिली, उर्दू, हिंदी. पुस्तकी मराठी इथल्या बहुतेक मुलांच्या कानावर पहिल्यांदा पडते ती टीव्हीतून, नाहीतर बाईंच्या तोंडून.

अशा गावात पालकसभा कधी ठेवायची, हा साधा प्रश्न राहत नाही. शाळा उघडते तेव्हाच पहिला पाऊस येतो किंवा येऊ घातलेला असतो. कापसाच्या लागवडीचे दिवस असतात आणि सकाळी सातला निघालेली आई संध्याकाळशिवाय परतत नाही. हिवाळ्यात मिरचीचे देठ खुडायच्या कामाला बायका जातात. तिथे मजुरी कामाच्या मापावर असते, म्हणून तासभर उशीर झाला तरी पैसे कमी पडतात. सकाळी अकराला ठेवलेल्या सभेत ठरावीक चार घरं दिसली, की ‘पालकांना आस्थाच नाही’ असा शेरा मारणं सोपं जातं. तीच सभा दिवेलागणीला, आठवडे बाजाराचा वार टाळून, वस्तीतल्याच ओट्यावर घेतली तर जमणारी माणसं वेगळी असतात.

रडण्यामागचं शास्त्र

मूल आईपासून दूर होताना रडतं, यात काही बिघडलेलं नसतं. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बाळ ओळखीचं माणूस आणि परकं माणूस यांत स्पष्ट भेद करू लागतं. दीड वर्षापर्यंत ही भीती वाढते आणि तिसऱ्या वर्षाकडे जाताना हळूहळू ओसरते. बालवाडीचं वय नेमकं या ओसरण्याच्या काठावर येतं. काही मुलं तो काठ ओलांडून आलेली असतात, काही अजून अलीकडेच असतात. त्यामुळे एकाच वर्गात एक मूल पहिल्याच दिवशी ठोकळ्यांत रमतं आणि दुसरं आठवडाभर दाराकडे तोंड करून बसतं.

या विषयाचा पाया ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी घातला. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक लघुपट केला : दोन वर्षांची मुलगी आठ दिवस रुग्णालयात राहते आणि आईवडिलांना तिला फक्त भेटीच्या वेळेत पाहता येतं. त्या काळी ब्रिटनच्या रुग्णालयांत हाच नियम होता. शांत झालेलं मूल म्हणजे रुळलेलं मूल, अशी डॉक्टरांची समजूत होती. लघुपटात दिसलं ते वेगळंच. मुलगी शांत होत गेली ती आशा सोडल्यामुळे. १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना मोकळेपणी येऊ द्यावं अशी शिफारस केली.

बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडातल्या खेड्यांमध्ये २६ कुटुंबांचं जवळून निरीक्षण केलं. त्यांना दिसलं, की ज्या बाळाला आईची खात्री असते ते तिला सोडून लांबपर्यंत रांगत जातं, वळून पाहतं, पुन्हा पुढे जातं. ज्याला ती खात्री नसते ते मांडी सोडतच नाही. मूल धीट होतं ते जवळच्या माणसाच्या भरवशावर. बालवाडीला या निरीक्षणाचा सरळ उपयोग आहे : बाई मुलाच्या भरवशाच्या यादीत आल्या, की मूल त्यांना केंद्र करून वर्गात फिरू लागतं. आणि बाई त्या यादीत लवकर येतात त्या घरातलं माणूस सोबत असताना.

जर्मनीत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाणारी रीत याच विचारावर उभी आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गात बसतात आणि त्या दिवसांत मुलाला एकटं सोडण्याचा प्रयत्नच होत नाही. चौथ्या दिवशी ते निरोप घेऊन थोडा वेळ, फार तर अर्धा तास, बाहेर जातात. रडणारं मूल बाईंच्या जवळ घेण्याने शांत झालं तर पुढचे दिवस भराभर वाढवायचे. नाही झालं तर सवयीचा काळ दोन-तीन आठवड्यांपर्यंत लांबवायचा. घाई कुणी करत नाही.

दोंडाईच्यात रोजंदारीवर जाणारी आई तीन दिवस वर्गात बसू शकत नाही, हे उघड आहे. पण इथे जर्मनीत सहसा नसणारी एक सोय आहे : घरातली आजी. आजी बसू शकते, मावशी बसू शकते, एखाद्या दिवशी सुट्टीवर असलेले बाबा बसू शकतात. तत्त्व पाळलं की झालं. ओळखीचं एक माणूस, थोडे दिवस, कमी होत जाणारा वेळ. पहिल्या आठवड्यात मुलांना एकदम न बोलावता आठ-आठ, दहा-दहाच्या गटांनी बोलावलं, पहिले काही दिवस तास-दीड तासात सोडलं, तर एका ताईंच्या वाट्याला एकाच वेळी पंचवीस रडणारी मुलं येत नाहीत.

या दिवसांत घरच्यांकडून होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाची नजर चुकवून निसटणं. ‘तिकडे बघ, चिमणी’ म्हणत आई गायब झाली, की मूल पुढच्या दिवशी चिमणीकडे पाहत नाही, आईच्या पायांकडे पाहतं. निरोप छोटा असावा, पण असावा. ‘खिचडी खाल्लीस की मी येते’ असं मुलाला कळणाऱ्या घटनेशी बांधलेलं वचन द्यावं आणि ते पाळावं. तीन वर्षांच्या मुलाला ‘बारा वाजता’ कळत नाही, ‘खिचडी झाल्यावर’ नेमकं कळतं. आणि ‘रडलास तर बाई इंजेक्शन देतील’ ही धमकी तर एकाच दमात बाईंनाही परकं करते आणि लसीकरणालाही.

शाळा अंगणात गेली तेव्हा

घराला सोबत घेतल्याशिवाय बालवाडी चालत नाही, हे महाराष्ट्रात कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत, आताच्या पालघर जिल्ह्यात, प्रत्यक्ष कामातून उमगलं.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य असताना त्यांचा भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या कामाशी संबंध आला. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसरीकडे वळले आणि १९२० मध्ये त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई १९२३ मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार काढलं. शिशुविहार नावाजलं. पण तिथे येत होती ती बहुतेक मध्यमवर्गातली मुलं, आणि साधनं महाग होती. खेड्यातल्या गरीब मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सोडेना. १९४५ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या बोर्डीला गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या. बालवयात वैधव्य आलेल्या, कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई पुढची सगळी हयात या कामात राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. आयांना कामावर जायचं असे, मुलांना आणून सोडायला कुणी नसे, आणि आपल्या मुलाला तिथे खरंच बसू देतील का, ही शंकाही असे. मग ताराबाई-अनुताईंनी दिशा उलटी केली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीतल्याच मोकळ्या जागेत मुलांना जमवायचं. आधी हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं म्हणजे शिंपले, बिया, पानं, माती. हे सगळं आयांच्या डोळ्यांदेखत चाले. दळण-कांडण करता करता त्या पाहत, कधी हसत, कधी स्वतःहून पाणी आणून देत. ‘अंगणवाडी’ म्हणतात ती रीत इथे घडली.

पुढे १९५० च्या दशकात काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा वारली मुलांबाबत आणखी एक अडचण पुढे आली. सात-आठ वर्षांची बहीण शाळेत येत नव्हती, कारण घरी धाकट्या भावाला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. गुरं राखणारी पोरं रानात असत. ताराबाई-अनुताईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. बहीण पहिलीत, मधला बालवाडीत, धाकटा पाळण्यात, आणि आई निवांत कामावर. गुराख्यांसाठी कुरणातच शाळा भरवली. प्रत्येक वेळी उत्तर सापडलं ते घराचा दिवस कसा चालतो हे पाहिल्यावर. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

किंडरगार्टन सुरू करणाऱ्या फ्रीड्रिश फ्रोबेल यांचीही सुरुवात अशीच घराशी जोडलेली होती. त्यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची संस्था काढली आणि काही वर्षांतच, १८४४ मध्ये, आयांसाठी बडबडगीतांचं आणि बोटांच्या खेळांचं पुस्तक लिहिलं.

सात टेबलं आणि एक कार्ड

भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू केली, सुरुवातीला ३३ प्रकल्पांत. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पूरक पोषण, लसीकरण, वजन-उंची, बालशिक्षण अशी सगळी कामं एका सेविकेच्या आणि एका मदतनीसाच्या अंगावर असतात. ‘पोरगं खिचडी खायला जातं’ अशी अंगणवाडीची ओळख अजूनही बऱ्याच घरांत आहे. घराचं स्वागत नीट झालं नाही तर ती तशीच राहते.

मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात दर महिन्याला अंगणवाडीत समुदाय आधारित कार्यक्रम घ्यायचे ठरले. त्यांत गरोदर मातांसाठी, सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या उष्टावणासाठी आणि वडिलांसाठी जसे दिवस आहेत, तसाच तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांच्या अंगणवाडी प्रवेशाचाही आहे. अंगणवाडीत मूल वर्षातल्या कुठल्याही महिन्यात येऊ शकतं. त्यामुळे स्वागत एकाच जूनच्या सकाळी उरकायचं बंधन तिथे नाही. एका महिन्यात तीन-चार मुलं आली, तर तेवढ्या घरांशी निवांत बोलता येतं.

पहिलीत जाणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू केलं. त्याची मांडणी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एप्रिलमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी, पहिला मेळावा होतो. शाळेच्या आवारात सात टेबलं मांडलेली असतात : नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक-भावनिक विकास, भाषा विकास, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. मूल आईचं बोट धरून एकेका टेबलाशी जातं. रेषेवरून चालतं, चेंडू झेलतं, रंगांप्रमाणे वस्तू लावतं, चित्र पाहून गोष्ट सांगतं, बिया मोजतं. प्रत्येक टेबलावरची नोंद विकासपत्रात होते आणि ती आईला दाखवली जाते. ही परीक्षा नाही, इथे कुणी नापास होत नाही, हे आईला समजावून सांगावं लागतं आणि ते सांगणं हाच मेळाव्याचा अर्धा हेतू असतो.

खरी कल्पना त्यानंतरची आहे. शेजारपाजारच्या आयांचे गट होतात. त्यांतली एक आई पुढाकार घेते. सुट्टीच्या आठवड्यांत त्यांच्याकडे ‘आयडिया कार्ड’ पोहोचतात, कधी छापील, कधी मोबाइलवर. कार्डावर घरातल्या कामांतूनच करायच्या कृती असतात : भाजी निवडताना लहान-मोठं ओळखणं, धुतलेल्या कपड्यांच्या जोड्या लावणं, भाकरीचा आकार आणि ताटाचा आकार. जूनमध्ये दुसरा मेळावा होतो आणि त्याच विकासपत्रावर मुलाची प्रगती पुन्हा टिपली जाते. ज्या आईला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही तीही या कृती करू शकते. शाळा तिच्याकडे काहीतरी मागते आणि ते तिच्याजवळ असतं, हा अनुभव तिच्यासाठी नवा असतो.

घर आणि शाळा जोडण्याचा असाच एक जुना प्रयोग अमेरिकेत झाला. मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी इथे १९६० च्या दशकात पेरी प्रीस्कूल प्रकल्पात १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ५८ मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळालं आणि त्या मुलांच्या शिक्षिका दर आठवड्याला दीड तास प्रत्येक घरी जात. ही मुलं चाळिशीला पोहोचेपर्यंत त्यांची नोंद ठेवली गेली. शिक्षण, कमाई आणि कायद्याचं पालन या बाबतींत ती उरलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. जगभरची सरकारं बालशिक्षणावरच्या खर्चाचं समर्थन करताना या प्रकल्पाचा दाखला देतात. त्यातल्या गृहभेटींचा उल्लेख मात्र पुष्कळदा गळून जातो.

‘लिहायला कधी शिकवणार?’

दोंडाईच्यात काय किंवा पुण्यात काय, पहिल्या पालकसभेत पहिला प्रश्न हाच येतो. शेजारच्या केजीतलं मूल शंभरपर्यंत आकडे काढतं आणि आपलं नुसतं गाणी म्हणतं, याची चिंता खरी असते. पालकांना उडवून लावण्यापेक्षा त्यांना हाताची रचना समजावून सांगणं जास्त उपयोगी पडतं.

मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर त्यात साधारण दोन-तीनच दिसतात. बाकीची अजून कूर्चेच्या रूपात असतात आणि शेवटचं हाड दिसायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात हलवतं. अंगठा आणि दोन बोटांची पकड चार ते सहा वर्षांच्या दरम्यान हळूहळू जमते. ती जमवण्यासाठी माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, पीठ चाळणं, शेंगा सोलणं ही कामं लागतात. चार रेघी वहीत ‘अ’ गिरवून ती लवकर येत नाही. म्हणून शेंगा सोलायला बसलेल्या आजीशेजारचं मूल एका अर्थी लेखनाचाच सराव करत असतं. चिंचोके, मक्याचे दाणे, गारगोट्या ही खानदेशात फुकट मिळणारी साधनं मोजणी-वर्गीकरणाला उत्तम आहेत. फक्त तीन वर्षांची मुलं दाणा नाकात किंवा तोंडात घालतात, म्हणून ती मोठ्यांच्या नजरेखालीच द्यायची.

वयाचा प्रश्नही इथेच येतो. महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत किमान तीन वर्षं आणि पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण होणं अपेक्षित आहे. मूल हुशार आहे म्हणून आधीच पुढे ढकलण्याचा आग्रह घरातून होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षं एकसंध पायाभूत टप्पा मानली आहेत आणि तो टप्पा खेळावर आधारलेला असावा असं म्हटलं आहे. राज्याच्या अंगणवाड्यांसाठीचा ‘आकार’ अभ्यासक्रम आणि नंतरचा ‘आधारशिला’ हेही खेळ, गाणी, गोष्टी आणि अनुभव यांवरच उभे आहेत. हे पालकांना आधी सांगितलं नाही तर ते शिकवणी लावतात, आणि साडेतीन वर्षांचं मूल सकाळी बालवाडीत आणि संध्याकाळी शिकवणीत बसतं.

घराकडून काय घ्यायचं

प्रवेशाचा अर्ज शाळेला जन्मतारीख आणि आधार क्रमांक सांगतो. मुलाच्या पहिल्या आठवड्याला उपयोगी पडणारी माहिती त्यात नसते. घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात? कागदावरचं भारदस्त नाव बाईंनी उच्चारलं तरी मूल मान वर करत नाही, कारण घरी ते ‘बाळू’ किंवा ‘चिंगी’ असतं. शू लागली हे ते कोणत्या शब्दांत सांगतं? झोपेची वेळ कोणती? कशाला घाबरतं? न्यायला कोण येणार आणि कुणाकडे मुळीच सोडायचं नाही? कोणती लस राहिली आहे? राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं. त्या दिवशी घरातलं माणूस हजर असलं, तर ऐकू कमी येण्यासारख्या किंवा हृदयाच्या दोषासारख्या गोष्टींवर पुढची पावलं लवकर पडतात.

भाषेचं दार तर सगळ्यांत आधी उघडावं लागतं. ‘तुनं नाव काय शे?’ असं बाईंनी विचारलं, की अहिराणी घरातलं मूल चमकून पाहतं. ही बाई आपल्यातलीच दिसते! मग ते नाव सांगतं, घरातल्या शेळीचंही सांगतं. मुलाची घरची भाषा सुरुवातीला वर्गात असावी, असं २०२२ चा पायाभूत टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा सांगतो. घराच्या बाजूने भीती असते, की अहिराणी किंवा भिली बोलल्यावर मुलाची ‘शुद्ध’ मराठी बिघडेल. ताईंनी आजीला वर्गात बोलावून तिच्याकडून अहिराणी गोष्ट सांगून घेतली, तर ही भीती भाषणाशिवाय कमी होते. आजीने गोष्ट सांगायची, ताईंनी तीच दुसऱ्या दिवशी मराठीत सांगायची. मुलं दोन्ही भाषा जोडून घेतात. सारंगखेड्याची यात्रा भरली की वर्गात घोडे यावेत, श्रावणात कानबाई देवी बसली की तिच्या नैवेद्याच्या रोटांवर बोलणं व्हावं. घरात जे चालू आहे ते वर्गात दिसलं, की मुलाला दोन जगांत ये-जा करणं सोपं जातं.

जूनची गैरहजेरी, नोव्हेंबरची गैरहजेरी

खानदेशात एक अडचण अशी आहे, जिच्यावर जूनच्या फुग्यांचा काही उपाय चालत नाही. धुळे-नंदुरबार भागातली बरीच मजूर कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, काही दक्षिण गुजरातेत बारडोलीकडे, काही पश्चिम महाराष्ट्रात. लहान मुलं अर्थात बरोबर जातात. जूनमध्ये रडून, रुळून, बाईंना ओळखू लागलेलं मूल पाच महिन्यांनी फडावरच्या पालात असतं. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येतं तेव्हा वर्ष संपलेलं असतं आणि बाईही त्याला पुन्हा परक्या झालेल्या असतात. २०२१ पासून वापरात आलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपमध्ये अशा मुलाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते. पण त्यासाठी आईला ती सोय माहीत हवी आणि पोहोचलेल्या गावी अंगणवाडी कुठे आहे हे तिला विचारता यायला हवं. भाषा गुजराती असेल, मुकादम घाईत असेल. निघण्यापूर्वी दोंडाईच्याच्या ताईंनी वाढीच्या आणि लसीकरणाच्या नोंदी असलेलं कार्ड तिच्या हातात देणं, एवढं तरी निश्चित करता येतं.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर खानदेशातल्या घरांच्या स्वागताचा खरा मोसम जून नसून आखाजी आहे, असं दिसतं. अक्षय्य तृतीयेचा हा सण इथे दिवाळीइतका मोठा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं तोवर परतलेली असतात. शेतावरच्या सालदाराचं साल इथे आखाजीला बदलतं, म्हणजे कुटुंब येतं वर्षभर कोणत्या गावात, कुणाच्या शेतावर राहणार हे त्याच सुमारास ठरतं. पेरणी अजून लांब असते. हातात थोडा वेळ आणि थोडा पैसा असतो. अंगणवाडीला शाळेसारखी लांब सुट्टीही नसते. अडचण एकच : या दिवसांत लेकी माहेरी येतात, म्हणजे नव्या मुलाची आई नेमकी दुसऱ्या गावी झोक्यावर असते. म्हणून निमंत्रण सणाच्या दिवशी न ठेवता पुढच्या आठवड्यात, सुना सासरी परतल्यावर ठेवावं लागेल.

२०२५ मध्ये आखाजी ३० एप्रिलला होती आणि शाळा १६ जूनला उघडल्या. मधले ४७ दिवस. ‘पहिले पाऊल’चा एप्रिलमधला मेळावा आणि सुट्टीतली आयडिया कार्डं याच दिवसांच्या आगेमागे येतात, फक्त ती पहिलीत जाणाऱ्यांसाठी असतात. तीन वर्षांच्या मुलांसाठीही याच दिवसांत संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणवाडी दोन-तीनदा उघडी ठेवता येते. आजी ओट्यावर बसलेली, मूल आत-बाहेर करतं आहे, पाण्याचा माठ कुठे आणि शू कुठे करायची ते पाहून ठेवतं आहे, आणि ताई वहीत लिहून घेत आहेत : घरचं नाव, घरची भाषा, दिवाळीनंतर गावात राहणार की जाणार, गेले तर कुठे.